नाळेची गाठ: दोष आईचा नाही

धरमतरच्या खाडीकाठी दोराची गाठ काय असते, हे कुणाला सांगायला नको. सैल गाठ दोरात नुसती पडून राहते; ताण आला की तीच आवळते. पोटातल्या बाळाच्या नाळेचेही तसेच आहे.

नाळ साधारण 50 ते 60 सेंटीमीटर लांब असते. तिच्यातल्या एका रक्तवाहिनीतून वारेकडून बाळाला प्राणवायू आणि पोषण मिळते, दोन वाहिन्यांतून वापरलेले रक्त परत जाते. भोवती बुळबुळीत गर असतो, म्हणून त्या सहसा दबत नाहीत. सुरुवातीच्या महिन्यांत बाळ लहान असते आणि फिरायला जागा भरपूर. कोलांट्या घेताना ते कधी नाळेच्या वेढ्यातून आरपार जाते आणि गाठ पडते. शंभर बाळंतपणांत साधारण एकदा असे घडते. नाळ फार लांब असेल, गर्भजल जास्त असेल किंवा जुळी बाळे एकाच पिशवीत असतील, तर शक्यता वाढते.

गाठ असूनही बहुतेक बाळे सुखरूप जन्मतात. पण ती आवळली, तर बाळ पोटातच दगावू शकते. सोनोग्राफीत गाठ बहुधा दिसत नाही, आणि दिसली तरी पोटात ती सोडवता येत नाही. डॉक्टर बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात आणि गरज पडल्यास वेळीच प्रसूती करतात.

मग आपल्या हाती काय? बाळाची हालचाल ओळखणे. सातव्या महिन्यापासून रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत किंवा नेहमीपेक्षा कमी वाटल्या, तर सकाळची वाट पाहू नका. ‘दिवस भरले की बाळ शांत होते’ हे खरे नाही. आशाताईंना सांगा, 102 किंवा 108 ला फोन करा, लगेच रुग्णालय गाठा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे आणि ने-आण मोफत आहे.

हात वर करून कपडे वाळत घातले, दोरी ओलांडली, ग्रहणात सुरी धरली म्हणून नाळ अडकली, असे आपल्या वस्त्यांतही अजून ऐकू येते. तथागतांनी आपल्याला कारण शोधायला शिकवले. या गाठीचे कारण बाळाच्या कोलांटीत आहे, आईच्या वागण्यात नाही. जिचे बाळ गेले, तिला बोल लावू नका, तिच्याजवळ बसा. आणि पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना मागचे सगळे सांगा, एवढेच आमचे सांगणे.