इस्लाममध्ये स्त्रीचे स्थान : आयत तीच, अर्थ कोण सांगतो?

"इस्लाममध्ये स्त्रीला काहीच हक्क नाहीत," असे एक जण ठासून सांगतो. "इस्लामने स्त्रीला सगळेच हक्क दिले," असे दुसरा सांगतो. चळवळीतल्या तरुणांनी ही दोन्ही वाक्ये तपासून पाहावीत.

कुराणातील चौथ्या सूरेचे नाव 'निसा', म्हणजे स्त्रिया. या सूरेने मुलीला आईवडिलांच्या मालमत्तेत वाटा ठरवून दिला. सातव्या शतकातील अरबस्तानात हे मोठे पाऊल होते. पण मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक, असेही तिथेच म्हटले आहे. कुटुंब पोसण्याची जबाबदारी पुरुषावर, म्हणून त्याचा वाटा दुप्पट, असे उलेमा सांगत आले. आज बाई कमावते, घर चालवते. मग कारण बदलले तरी नियम तोच का? हा प्रश्न खुद्द मुस्लिम स्त्रियाच विचारत आहेत.

याच सूरेच्या 34 व्या आयतीत पुरुषाला 'कव्वाम' म्हटले आहे. परंपरेने त्याचा अर्थ 'स्त्रीवर अधिकार असणारा' असा लावला. अमीना वदूद या अमेरिकन मुस्लिम विदुषी मात्र हा शब्द पोषणाच्या जबाबदारीशी जोडतात. पुरुष जन्मानेच श्रेष्ठ, असा अर्थ त्या नाकारतात. उलट 33 व्या सूरेची 35 वी आयत श्रद्धावान स्त्री-पुरुषांना सारखेच फळ सांगते. म्हणजे श्रद्धेत समता आणि कुटुंबात भेद, असा हा पेच आहे.

अर्थ बदलला की कायदाही बदलतो. कुराण चार पत्नींपर्यंत परवानगी देते, पण सर्वांना समान न्याय देण्याची अट घालते. तो न्याय माणसाला पूर्णपणे जमणार नाही, असेही पुढे म्हणते. हाच आधार घेऊन ट्युनिशियाने 1956 मध्ये बहुपत्नीत्वावर बंदी घातली.

महाराष्ट्रात 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो 2017 मध्ये. मधली पन्नास वर्षे हा लढा स्त्रियांनीच जिवंत ठेवला.

आता थोडे आपल्या घरातही पाहू. शंभर वर्षांची दीक्षा झालेल्या भिक्खुणीनेही आजच दीक्षा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावे, असा नियम विनयातील आठ गरुधम्मांत आहे. त्याची चिकित्सा आपण करतो की टाळतो? बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले, ते कोणा धर्माच्या द्वेषापोटी नव्हे, स्त्रीच्या हक्कासाठी.

म्हणून मुस्लिम भगिनींच्या हक्कांबद्दल बोलताना आधी त्यांचे म्हणणे ऐकावे. त्यांच्या दुःखाचा वापर त्यांच्याच समाजाला झोडपण्यासाठी कोणी करत असेल, तर त्या रांगेत आपण उभे राहू नये.