संदेशसंग्रहाचे पॅकिंग

बुलेटिन बोर्ड प्रणालीवर, म्हणजेच बीबीएसवर, पुसलेल्या संदेशांनी अडवलेली डिस्कवरील जागा पुन्हा वापरात आणण्याच्या प्रक्रियेला संदेशसंग्रहाचे पॅकिंग असे म्हणतात. संदेश पुसला की तो वाचकांना दिसेनासा होई. मात्र बहुतेक संग्रहांत त्याच्यावर केवळ ‘रद्द’ अशी खूण केली जाई आणि मजकूर फाइलमध्ये तसाच राहत असे.

पार्श्वभूमी

पहिली सार्वजनिक बीबीएस वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी १६ फेब्रुवारी १९७८ रोजी शिकागो येथे सुरू केली. तिचे संदेश फ्लॉपी डिस्कवर साठवले जात. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी फिडोनेट हे जाळे उभारले. पुढे एकोमेल या सोयीमुळे एका बोर्डावरील चर्चा इतर अनेक बोर्डांवर आपोआप पोहोचू लागली. त्यानंतर जुने संदेश पुसणे हे रोजचे काम झाले.

हडसन संग्रह

फिडोच्या सुरुवातीच्या पद्धतीत प्रत्येक संदेशाची एमएसजी प्रकारची स्वतंत्र फाइल असे. ती पुसली की जागा लगेच मोकळी होई. येथे अपव्यय वेगळ्या ठिकाणी होता: डिस्कवर जागा ४ केबीच्या एककांत वाटली जात असेल, तर १ केबीचा संदेशही ४ केबी अडवत असे.

ॲडम हडसन यांच्या क्विकबीबीएसने सर्व विभागांचे संदेश एकाच फाइलसंचात ठेवले. मजकूर २५६ बाइटांच्या तुकड्यांत साठवला जाई आणि संदेशाच्या शीर्षनोंदीत पहिल्या तुकड्याचा क्रमांक १६ बिटांत लिहिलेला असे. त्यामुळे ६५,५३६ तुकड्यांपलीकडे, म्हणजे १६ एमबीपलीकडे, संग्रह वाढू शकत नव्हता. पुसलेले संदेशही याच मर्यादेत मोजले जात. म्हणून येथे पॅकिंग टाळण्याची सोय नव्हती.

पॅकिंगचा प्रोग्राम शीर्षनोंदी क्रमाने वाचतो, जिवंत संदेशांचा मजकूर नव्या फाइलमध्ये उतरवतो, तुकड्यांचे क्रमांक बदलतो, अनुक्रमणिका नव्याने रचतो आणि शेवटी जुनी फाइल काढून टाकतो. तोपर्यंत दोन्ही फाइली डिस्कवर असाव्या लागतात. परिणामी डिस्क गच्च भरल्यावर, म्हणजे नेमकी गरज असतानाच, पॅकिंग अडते. मजकूर त्याच फाइलमध्ये पुढे सरकवल्यास जादा जागा लागत नाही. पण मध्येच वीज गेली तर शीर्षनोंदी आणि मजकूर यांचा मेळ तुटून एकाचे पत्र दुसऱ्याच्या नावाखाली दिसू शकते. पॅकिंग चालू असताना कोणी नवा संदेश लिहू नये, म्हणून हे काम सहसा रात्री, बोर्ड बंद ठेवून केले जाई.

संदेशांना नवे क्रमांक दिल्यास आणखी एक अडचण येते. प्रत्येक सदस्याने शेवटचा वाचलेला संदेश क्रमांकाने नोंदलेला असतो. ही नोंद सोबत बदलली नाही, तर जुने संदेश नवे म्हणून पुढे येतात किंवा न वाचलेले संदेश वगळले जातात. यांपैकी दुसरा दोष अधिक वाईट, कारण त्याची तक्रार सहसा येत नाही.

नंतरची स्वरूपे

स्कॉट डडली यांच्या स्क्विश संग्रहात पुसलेल्या संदेशाची चौकट मोकळ्या चौकटींच्या साखळीत जोडली जाते. नवा संदेश आला की पुरेशी मोठी चौकट आधी या साखळीत शोधली जाते. ती न मिळाल्यासच फाइल वाढते. फाइल आपोआप लहान होत नाही, परंतु आवक आणि पुसणे सारखे असेल तर तिची वाढ मंदावते. प्रत्येक संदेशाला न बदलणारी ओळखसंख्या असल्याने वाचनाची नोंद पॅकिंगनंतरही टिकते.

१९९३ मध्ये आलेल्या जॅम स्वरूपात पुसलेल्या संदेशाच्या शीर्षनोंदीत एक बिट चढवला जातो आणि त्याचा मजकूर काढण्यासाठी पॅकिंग करावे लागते. रॉब स्विंडेल यांच्या सिंक्रोनेट प्रणालीत प्रत्येक तुकडा किती संदेश वापरतात याची वेगळी नोंद असते. ती संख्या शून्य झाली की तुकडा नव्या मजकुरासाठी मोकळा होतो. त्याच प्रणालीत ही नोंद न ठेवता मजकूर नेहमी शेवटी जोडण्याचा पर्यायही आहे. त्यात वेग मिळतो, पण जागा पॅकिंगनंतरच सुटते.

खासगी संदेश

सदस्याने पुसलेले खासगी पत्र पॅकिंग होईपर्यंत बोर्डचालकाला साध्या फाइलदर्शकानेही वाचता येत असे. मोकळी चौकट पुन्हा वापरली तरी नवा संदेश लहान असल्यास जुन्याचे शेपूट मागे राहू शकते. पॅकिंगनंतर काढून टाकलेली जुनी फाइलही तत्काळ नष्ट होत नसे: डॉस तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलून जागा मोकळी असल्याचे नोंदवत असे, आणि त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत १९९१ च्या एमएस-डॉस ५ मधील ‘अनडिलीट’ आज्ञेने ती बहुधा परत आणता येई.