सप्तशृंगी गड: नाशिककरांचे अर्धे शक्तिपीठ

नाशिकपासून सुमारे ६० किलोमीटरवर, कळवण तालुक्यात सप्तशृंगी गड आहे. कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही महाराष्ट्रातली तीन पूर्ण शक्तिपीठे. सप्तशृंगी हे अर्धे पीठ मानले जाते. भक्तांच्या ओढीत मात्र कुठेही अर्धेपणा नाही. पायथ्याच्या नांदुरी गावातून घाटरस्ता गडावरच्या वस्तीपर्यंत जातो. तिथून मंदिरापर्यंत पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत. ज्येष्ठांना आणि आजारी माणसांना ही चढण जड जाई. २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीने त्यांची मोठी सोय झाली आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी मात्र पायऱ्यांनीच चढावे, कारण गडाची उंची आणि भोवतालचा डोंगरी मुलूख तेव्हाच खरा कळतो.

देवीची मूर्ती उभ्या कड्याच्या कपारीत कोरलेली आहे. उंची सुमारे आठ फूट, हात अठरा, प्रत्येक हातात वेगळे आयुध. शतकानुशतके चढलेला शेंदराचा जाड थर २०२२ मध्ये काढला गेला आणि मूर्तीचे मूळ रूप भाविकांसमोर आले. देवीची मान किंचित कललेली आहे. समोरच्या मार्कंडेय डोंगरावर ऋषी स्तुती गात आणि देवी ती ऐकत असे, अशी कथा सांगतात.

रामनवमी ते चैत्र पौर्णिमा या काळात इथे मोठी यात्रा भरते. खानदेशातून हजारो भाविक पायी येतात. नवरात्रातही गड गजबजतो आणि कोजागरीला कावडीने आणलेल्या जलाने देवीला अभिषेक होतो. शांतपणे दर्शन घ्यायचे असेल तर हे दिवस टाळून पहाटे निघणे उत्तम. पावसाळ्यात घाटात धुके आणि दरडींचा धोका असतो, त्यामुळे वाहन जपून चालवावे लागते.