माउस आणि डाव्या हातातील नियंत्रक

माउस आणि डाव्या हातातील नियंत्रक ही वैयक्तिक संगणकावरील खेळ खेळण्याची एक मिश्र पद्धत आहे. या पद्धतीत उजव्या हाताने माउस चालवून नेम धरला जातो किंवा दृष्टीची दिशा बदलली जाते, तर डाव्या हातात कळफलकाऐवजी ॲनालॉग स्टिक असलेला छोटा नियंत्रक धरून खेळातील पात्राला चालवले जाते. संगणकावर माउस व कळफलक आणि कन्सोलवर दोन स्टिकांचा गेमपॅड अशा दोन पद्धती रूढ आहेत. ही तिसरी पद्धत त्या दोहोंतील अर्धा अर्धा भाग घेते. डाव्या हाताने माउस चालवणारे खेळाडू हीच मांडणी उलट करतात. या लेखात सोयीसाठी उजव्या हातात माउस गृहीत धरला आहे.

पार्श्वभूमी

उजव्या हातात माउस आणि डाव्या हातात वेगळे साधन ही कल्पना संगणकीय खेळांपेक्षाही जुनी आहे. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माउसचे प्रसिद्ध प्रात्यक्षिक दिले, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताखाली माउस, मध्ये नेहमीचा कळफलक आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा एक छोटा संच होता. या पाच कळा पेटीवरील स्वरमेळाप्रमाणे एकत्र दाबून ३१ वेगवेगळ्या खुणा देता येत. माउस पुढे जगभर पसरला. डाव्या हाताचा संच मात्र मागे पडला आणि त्याची जागा पूर्ण आकाराच्या कळफलकाने घेतली.

खेळांमध्येही तसेच घडले. ‘क्वेक’ (१९९६) या खेळात वर-खाली पाहणे महत्त्वाचे ठरले आणि माउसने नेम धरणाऱ्यांचे पारडे जड झाले. उजवा हात माउसवर गेल्यावर कळफलकाच्या उजव्या बाजूच्या बाणांच्या कळा डाव्या हाताला अडचणीच्या होऊ लागल्या, म्हणून खेळाडू डावीकडील डब्ल्यू, ए, एस आणि डी या कळांकडे वळले. ही मांडणी लोकप्रिय करण्याचे श्रेय बहुधा ‘थ्रेश’ या नावाने खेळणाऱ्या डेनिस फाँग यांना दिले जाते. १९९७ मध्ये त्यांनी ‘क्वेक’ची रेड ॲनिहिलेशन ही स्पर्धा जिंकली आणि खेळाचे एक निर्माते जॉन कारमॅक यांची फेरारी मोटार बक्षीस म्हणून मिळवली. लिहिण्यासाठी बनवलेल्या चार कळा अशा रीतीने चालण्याच्या कळा झाल्या. ती तडजोड होती. पुढे तिलाच मानक समजले जाऊ लागले.

कन्सोलच्या बाजूला निन्टेन्डो ६४ (१९९६) आणि सोनीचा ड्युअलशॉक (१९९७) यांनी अंगठ्याने हलवायची ॲनालॉग स्टिक रुळवली. २००६ मध्ये आलेल्या निन्टेन्डो वी या कन्सोलने नियंत्रक दोन हातांत विभागला: उजव्या हातात पडद्याकडे रोखायचा रिमोट, डाव्या हातात स्टिक असलेला ‘नंचक’. त्यात माउस नव्हता, तरी हातांची विभागणी येथे वर्णिलेल्या पद्धतीचीच होती.

दोन हातांची दोन कामे

पद्धतीमागील तर्क समजण्यासाठी माउस आणि स्टिक यांतील मूलभूत फरक लक्षात घ्यावा लागतो. माउस स्थान सांगतो, स्टिक वेग सांगते. माउस ३० सेंटिमीटर सरकवल्यास पात्राचा पूर्ण फेरा व्हावा असे ठरवले, तर एक सेंटिमीटर म्हणजे नेहमी १२ अंश. लक्ष्य ३६ अंशांवर असेल तर हात तीन सेंटिमीटर जातो आणि थांबतो. हात थांबला की नेमही थांबतो. स्टिकचे तसे नाही. ती पूर्ण कलवल्यास पात्र सेकंदाला १८० अंश वळते असे धरले, तर त्याच ३६ अंशांसाठी ती एक पंचमांश सेकंद कलती ठेवून नेमक्या क्षणी सोडावी लागते. येथे अंतराचे नव्हे तर वेळेचे माप अंगठ्याला घ्यावे लागते, आणि ते कठीण असते. गेमपॅडवर नेम धरताना खेळाने खेळाडूला मदत करण्याची प्रथा पडली, तिचे मूळ येथे आहे.

चालण्याचे गणित याच्या उलट आहे. चालणे हा मुळातच वेगाचा विषय आहे: कोणत्या दिशेने आणि किती भरभर. कळफलकाची कळ एकतर दाबलेली असते किंवा नसते. चार कळांमधून ४५ अंशांच्या अंतराने आठच दिशा आणि एकच वेग मिळतो. हळू चालण्यासाठी किंवा धावण्यासाठी आणखी एखादी कळ धरून ठेवावी लागते. स्टिकवर कोणतीही दिशा आणि मंद पावलापासून धावेपर्यंतचा कोणताही वेग एकाच हालचालीत मिळतो. ‘स्प्लिंटर सेल’ (२००२) या लपतछपत खेळायच्या खेळाच्या संगणक आवृत्तीत पात्राच्या चालण्याचा वेग माउसच्या चाकाने कमी-अधिक करण्याची सोय द्यावी लागली होती. कळफलकातील ही उणीव निर्मात्यांनाही जाणवत होती, हे त्यावरून दिसते.

पेटी वाजवणाऱ्याचा उजवा हात पट्ट्यांवर नेमकी जागा शोधतो आणि डावा हात भाता कमी-अधिक दाबून हवा सांभाळतो. दोन्ही हातांना एकच काम दिले असते तर वादन झाले नसते. मिश्र पद्धतीचा दावा साधारण असाच आहे.

कळफलकाच्या जमेच्या बाजू

तरीही कळफलक टिकून आहे तो केवळ सवयीमुळे नव्हे. डाव्या हाताच्या बोटांना त्यावर पंधरा-वीस कळा सहज सापडतात. अर्ध्या नियंत्रकावर त्याच्या निम्म्याही मिळत नाहीत. शस्त्र बदलणे, वस्तू उचलणे, नकाशा उघडणे यांसारखी कामे मग माउसच्या बाजूच्या बटणांवर टाकावी लागतात. शिवाय दिशा झटकन उलटवण्यात कळ सरस ठरते. एक बोट उचलून दुसरे टेकवले की काम झाले. स्टिकला मात्र एका टोकापासून मध्यातून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास करावा लागतो. त्या मध्यभागी एक निष्क्रिय क्षेत्रही असते, कारण झिजलेली स्टिक अगदी मध्यावर स्थिरावत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सइनपुट या मानकात डाव्या स्टिकसाठी सुचवलेले हे क्षेत्र पूर्ण कलाच्या सुमारे २४ टक्के आहे.

‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या खेळात उलट दिशेची कळ दाबून क्षणात थांबणे आणि मगच गोळी झाडणे हे मूलभूत कौशल्य मानले जाते. तेथे मिश्र पद्धतीचा लाभ नाही, तोटाच संभवतो. तृतीय पुरुषी साहसखेळ, लपतछपत खेळायचे खेळ आणि पायी चालण्यासोबत वाहन हाकणेही असलेले खेळ यांत ती अधिक शोभते. डावपेचांच्या खेळांत पात्राला स्टिकने चालवायचेच नसते, त्यामुळे तेथे तिचा प्रश्न येत नाही.

वापरली जाणारी साधने

केवळ या कामासाठी बनलेली साधने थोडी आहेत, म्हणून खेळाडू बहुधा इतर हेतूंनी बनलेल्या वस्तू वापरतात. सोनीने २०१० मध्ये प्लेस्टेशन मूव्हसोबत आणलेला नेव्हिगेशन नियंत्रक एका हातात मावतो आणि त्यावर स्टिक, दिशाबटणे व ट्रिगर असतात. निन्टेन्डो स्विचचा (२०१७) डावा जॉय-कॉन ब्लूटूथने संगणकाला जोडता येतो. अख्खा गेमपॅड डाव्या हातात धरण्याचा मार्गही काही जण पत्करतात; पण त्यावरील उजव्या अर्ध्या भागातील बटणे तेव्हा शोभेचीच राहतात.

दुसरा वर्ग डाव्या हाताच्या छोट्या कळफलकांचा आहे: बेल्किनचा नॉस्ट्रोमो, लॉजिटेकचा जी१३, रेझरचा टार्टारस इत्यादी. येथे एक गोष्ट पारखून घ्यावी. टार्टारसवरील अंगठ्याची चकती केवळ आठ दिशा ओळखते, म्हणजे ती वेगळ्या आकाराच्या कळाच होत. लॅटव्हियातील अझेरॉन कंपनीच्या साधनांत मात्र अंगठ्याखाली खरी ॲनालॉग स्टिक आणि बोटांभोवती भरपूर कळा असतात. नेदरलँड्समधील वूटिंगने वेगळी वाट धरली: कळ किती खोल दाबली हे मोजणारा कळफलक. त्यावर वेग कमी-अधिक करता येतो आणि कळांची संख्याही घटत नाही; दिशांवरचे नियंत्रण मात्र स्टिकइतके सहज नसते.

सॉफ्टवेअरची अडचण

खरा अडसर साधनांचा नाही. विंडोज प्रणाली माउस आणि गेमपॅड यांच्या खुणा वेगवेगळ्या वाटांनी आणि एकाच वेळी स्वीकारते. प्रश्न खेळाचा असतो. खेळाडू एका वेळी एकच साधन वापरतो असे अनेक खेळ गृहीत धरतात आणि शेवटची खूण ज्याची आली ते साधन चालू मानतात. मग स्टिक कलवून माउस हलवताच पडद्यावरील सूचना कळफलकाच्या आणि गेमपॅडच्या चिन्हांमध्ये लुकलुकतात. काही वेळा दृश्याला हिसके बसतात. काही खेळ गेमपॅड दिसताच माउसकडे लक्ष देणेच सोडतात.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे स्टिकच्या खुणांचे जॉयटूकीसारख्या प्रणालीने कळफलकाच्या खुणांमध्ये रूपांतर करणे. तो जवळपास सर्वत्र चालतो, पण त्यात स्टिकचे मर्मच हरवते: उरतात पुन्हा आठ दिशा आणि एक वेग. हाताला आराम मिळतो, एवढाच लाभ. माउसला उजवी स्टिक असल्याचे सोंग देण्याचा उलटा उपाय त्याहून वाईट, कारण त्यात स्थानाचे माप वेगाच्या मापात बदलते आणि नेमाचा अचूकपणा जातो.

वॉल्व्हच्या स्टीम कंट्रोलरने (२०१५) हा प्रश्न अनेक निर्मात्यांसमोर आणला. त्याचा उजवा स्पर्शफलक माउसच्या आणि डावी स्टिक गेमपॅडच्या खुणा एकाच वेळी देऊ शकत असे. दोन्ही स्वीकारणाऱ्या खेळांवर काहीच करावे लागत नाही. इतर खेळांत स्टीम इनपुट ही सुविधा जॉय-कॉनसारख्या साधनांना ओळख मिळवून देते, पण खेळाचे गृहीतक बदलू शकत नाही. सूचनांची चिन्हे एकाच साधनाची ठेवण्याचा पर्याय देणे एवढी सोय निर्मात्यांनी केली तरी लुकलुक थांबते.

स्पर्धेतील निष्पक्षता

गेमपॅडला मिळणारी नेमाची मदत आणि माउसची अचूकता एकाच खेळाडूला मिळाली तर ते इतरांवर अन्यायाचे ठरते. त्यामुळे काही निर्माते मिश्र साधनांकडे संशयाने पाहतात. मात्र मदत उजव्या स्टिकपुरती ठेवून माउस हलताच ती बंद केली, तर डाव्या हातात काय आहे याला महत्त्व उरत नाही. सरसकट बंदी हा सोपा, पण ढोबळ मार्ग आहे. कन्सोलवर माउसला गेमपॅड भासवणारी जोडसाधने ही निराळी बाब आहे. ‘रेनबो सिक्स सीज’साठी यूबीसॉफ्टने २०२३ मध्ये अशा वापराला ओळखून विलंबाचा दंड देणारी ‘माउसट्रॅप’ यंत्रणा आणली. कळफलकही वादातून सुटलेला नाही: उलट दिशांच्या कळांचा मेळ आपोआप घालणाऱ्या सुविधांना वॉल्व्हने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या अधिकृत सर्व्हरवर मनाई केली.

सुगम्यता

काही खेळाडूंसाठी ही पद्धत आवडीनिवडीची बाब नसते. डाव्या हाताची बोटे स्वतंत्रपणे हलवता न येणाऱ्या, संधिवात असलेल्या किंवा मनगट कळफलकावर फार वेळ टेकवू न शकणाऱ्या व्यक्तीला केवळ अंगठ्याने चालणारी स्टिक खेळाचे दार उघडून देते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलरवर (२०१८) बाहेरची बटणे व स्टिक जोडण्यासाठी १९ छोटी छिद्रे आणि दोन यूएसबी जोडण्या आहेत. स्टिक पायापाशी किंवा कोपरापाशीही बसवता येते. उजवा हात धड असलेला खेळाडू तिच्या जोडीला माउस वापरू इच्छितो आणि खेळ दोहोंतून एकच निवडायला लावतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने तो खेळ बंदच झालेला असतो.

५ जून २०२५ रोजी विक्रीस आलेल्या निन्टेन्डो स्विच २ च्या जॉय-कॉनला कडेवर टेकवून माउसप्रमाणे सरकवता येते आणि दुसऱ्या हातातील जॉय-कॉनची स्टिक त्याच वेळी वापरता येते. एका मोठ्या उत्पादकाने ही जोडी मूळ खोक्यातच दिल्यामुळे, त्या कन्सोलसाठी खेळ लिहिणाऱ्यांना दोन्ही खुणा एकत्र येण्याची शक्यता आरंभापासून विचारात घ्यावी लागते.