दाढ काढली तरी कळ थांबेना? चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आणि ‘नर्व्ह ब्लॉक’ इंजेक्शन नेमकं काय असतं?

डिजिटल डेस्क, पिशोर (ता. कन्नड) : दुचाकीवर जाताना गालाला गार वारा लागला, भाकरीचा घास चावला, मिसरीचं बोट हिरडीवर फिरलं, की जबड्यातून विजेचा झटका बसावा तशी कळ थेट मस्तकात जाते. काही सेकंद, फार तर दोन मिनिटं. मग सगळं शांत, पुढच्या झटक्यापर्यंत. पहिला संशय अर्थातच दाढेवर जातो. दाढ काढली जाते, कळ तशीच राहते. मग शेजारची दाढ काढली जाते.

हे दुखणं अनेकदा दाताचं नसतंच. ‘ट्रायजेमिनल न्यूराल्जिया’ असं त्याचं नाव. अभिनेता सलमान खानने या आजारावर २०११ मध्ये अमेरिकेत उपचार घेतले आणि नंतर जाहीरपणे त्याबद्दल सांगितलं, तेव्हा हे नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं. पन्नाशीनंतर आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार जास्त दिसतो.

नेमकं बिघडतं काय?

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी पाचवी म्हणजे ट्रायजेमिनल. तिच्या तीन फांद्या: एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. चेहऱ्याचा स्पर्श आणि वेदना याच नसेतून मेंदूकडे जातात. बऱ्याच रुग्णांमध्ये मेंदूच्या बुडाशी एखादी रक्तवाहिनी या नसेला सतत घासत असते. मोटारीच्या वायरचं प्लास्टिक झिजून तार उघडी पडावी, तसं नसेवरचं मायलिन नावाचं आवरण झिजतं. मग साधा स्पर्शही ‘शॉर्ट’ होऊन कळ म्हणून पोहोचतो. क्वचित गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हेही कारण असतं, म्हणून एमआरआय टाळू नये.

इथे नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग जवळजवळ होत नाही. पहिलं औषध कार्बामाझेपिन. मूळचं फिट्सवरचं, या दुखण्यावरचा त्याचा गुण १९६२ मध्ये नोंदला गेला. पण गुंगी, तोल जाणं, रक्तातलं सोडियम उतरणं हे त्रास होतात. अंगावर पुरळ आलं तर लगेच डॉक्टरांना दाखवावं, कारण त्याची गंभीर प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते.

मग इंजेक्शन कशासाठी?

दाढ काढताना जबडा बधिर केला जातो, तोही नर्व्ह ब्लॉकच. म्हणजे ज्यांनी दाढ काढून घेतली आहे, त्यांनी हा अनुभव घेतलेला आहे. दुखणाऱ्या फांदीजवळ लिग्नोकेन किंवा बुपिव्हॅकेनसारखं बधिर करणारं औषध सोडलं, की तिच्यातून जाणारे वेदनेचे संदेश थांबतात. अनेकदा त्यात स्टेरॉइडही मिसळतात.

सुई कुठे टोचायची, हे कळ कुठून येते त्यावर ठरतं. भुवईच्या वर, डोळ्याखाली गालात आणि हनुवटीच्या बाजूला हाडात बारीक छिद्रं असतात. नसेच्या फांद्या तिथून बाहेर येतात. इथलं इंजेक्शन बाह्यरुग्ण विभागातही काही मिनिटांत देता येतं. दुखण्याचा आवाका मोठा असेल तर सुई खोल, कवटीच्या तळाशी असलेल्या छिद्राजवळ न्यावी लागते. हे काम एक्स-रे किंवा सोनोग्राफी बघत, सराव असलेल्या हातांनीच करायचं.

बधिरपणा काही तासांत उतरतो. आराम मात्र कधी काही दिवस, कधी काही आठवडे किंवा त्याहून जास्त टिकतो. तो का टिकतो याचं पूर्ण स्पष्टीकरण अजून नाही आणि मोठ्या चाचण्याही कमी आहेत. त्यामुळे ‘एका सुईत कायमचं बरं’ असं कोणी म्हणालं तर सावध व्हावं. ब्लॉकचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. झटक्यांमुळे खाणंपिणं बंद झालेल्या रुग्णाला गोळ्यांचा डोस लागू पडेपर्यंत तो तग धरायला मदत करतो. आणि कोणती फांदी दुखतेय, हे डॉक्टरांना त्यातून कळतं.

जोखीम लहान आहे, पण आहे. सूज, रक्त साकळणं, काही काळ बधिर ओठ चावला जाणं. कपाळ-डोळ्याच्या फांदीवर खोलवर उपचार केला तर डोळ्याचं बुबुळ बधिर होऊन इजा होऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर आधीच सांगावं. मधुमेह असेल तर स्टेरॉइडनंतर काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहावी.

ब्लॉकने भागलं नाही तर?

पुढचा टप्पा म्हणजे नसेचा वेदनावाहक भाग मुद्दाम निकामी करणं: सुईतून उष्णता देऊन, ग्लिसरॉल सोडून किंवा छोटा फुगा फुगवून. आराम जास्त टिकतो, पण चेहऱ्याचा भाग सुन्न राहू शकतो. गॅमा नाईफमध्ये किरणांचा मारा नेमका नसेच्या मुळावर होतो. प्रकृती चांगली असेल तर कवटी उघडून रक्तवाहिनी आणि नसेमध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवण्याची शस्त्रक्रिया करतात. मूळ कारणालाच हात घालणारा उपचार हाच.

पिशोरहून कुठे जायचं?

दात काढण्याआधी एक प्रश्न विचारावा: दाताच्या एक्स-रेमध्ये कीड किंवा पू दिसतोय का? दिसत नसेल आणि कळ झटक्यांनी येत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टचं मत घ्यावं. छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालय आणि शासकीय दंत महाविद्यालय आहे. खासगीत भूलतज्ज्ञ चालवतात ती ‘पेन क्लिनिक’. उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावं.

जाताना झटका केव्हा येतो, कुठून सुरू होतो, किती वेळ टिकतो हे कागदावर लिहून न्यावं. निम्मं निदान त्या कागदावरच होतं. वेदनेने जीव नकोसा होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.