झाकण सापडलं, पेटी नाही

जुन्या गोव्यात होली हिलवर सेंट ऑगस्टीनचा जांभ्या दगडाचा अर्धा उरलेला मनोरा दिसला की गाडीतलं कुणीतरी सांगतं, "इथे जॉर्जियाच्या राणीला पुरलंय." पहिला गैरसमज तिथेच. केतेवान राणी जिवंतपणी गोव्यात आलीच नाही आणि तिचं शवही इथे आलं नाही.

ती जॉर्जियातल्या काखेतीची राजमाता. इराणचा शाह अब्बास पहिला याने तिला ओलीस ठेवलं. धर्म बदलायला ती तयार होईना, तेव्हा १६२४ मध्ये शिराझला हालहाल करून तिला मारलं. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यांतला थोडा भाग १६२७ मध्ये गोव्यात आणला. (राणी ऑर्थोडॉक्स पंथाची, अस्थी जपणारे कॅथलिक!) पोर्तुगीज कागदपत्रांत उल्लेख आहे तो तळहाताचा आणि हाताच्या हाडाचा: मठातल्या चॅप्टर चॅपेलमध्ये, अमुक खिडकीखाली, दगडी पेटीत.

जागा कागदावर होती, तर १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला शोध २००४ पर्यंत का लांबला? कारण कागदावरचा मठ जमिनीवर राहिलाच नव्हता. हे अवशेष पाहून कुठल्यातरी लढाईची आठवण काढली जाते, पण इथे तोफ लागलेली नाही. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघांना हाकललं, मठ ओस पडला. १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि निम्मा मनोरा. बाकीचं काम कोकणातल्या पावसाने केलं. त्यामुळे आधी ढिगाऱ्यातली कुठली खोली म्हणजे चॅप्टर चॅपेल हे ठरवायचं आणि मग खिडक्या मोजायच्या.

२००४ च्या मे महिन्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला ती खिडकी सापडली. पेटी नव्हती. पेटीचं झाकण होतं, आणि जवळच हाडांचे तुकडे.

हाड मिळालं म्हणजे माणूस मिळाला, हा सगळ्यात पक्का गैरसमज. न हललेल्या दफनात सांगाडा सांध्यांच्या क्रमाने पडलेला असतो, खड्ड्याची कड मातीच्या रंगातून कळते, वरचे थर अभंग असतात. इथे यातलं काहीच नाही. पेटी गेली तेव्हा आतलं सांडलं, वर छताचा चुना-दगड आला, आणि मठ-चर्चच्या आवारात इतरही माणसं पुरलेली. अशा ठिकाणी सुटं हाड कुणाचंही असू शकतं. म्हणूनच उत्खननात हाड उचलण्याआधी ते नेमकं कुठे, कशाखाली, कशाशेजारी होतं याची नोंद होते. नोंदीविना उचललेल्या हाडावरून पुढे काय सिद्ध करणार? मला तर या शोधातला खरा दुवा त्या सुट्या झाकणातच दिसतो. झाकण नसतं, तर ती खिडकी म्हणजे भिंतीतलं नुसतं भोक.

आता डीएनए. 'डीएनएने राणी ओळखली' असं सर्रास छापून येतं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत तीन हाडं तपासली गेली. दोन हाडांचा मातृवंश भारतात आढळणारा निघाला, म्हणजे ती बहुधा इथल्याच कुणाची. तिसऱ्यात 'यू१बी' हा मातृवंश मिळाला, जो भारतात आढळला नव्हता पण जॉर्जियात आहे. हाड स्त्रीचं असल्याचंही चाचणीत दिसलं. २०१४ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पण मातृवंश आईकडून लेकरांकडे जशाच्या तसा जातो, एकाच वंशाची असंख्य माणसं असतात. त्यातून घराणं कळत नाही, नाव तर नाहीच. राणीचं नाव आलं ते कागद, खिडकी, झाकण आणि डीएनए ही चारही एकाच दिशेला वळली म्हणून.

आणखी एक. २०१७ मध्ये अस्थी जॉर्जियाला 'परत दिल्या' असं अनेकांना वाटतं. तेव्हा त्या दर्शनासाठी काही काळ पाठवल्या होत्या, २०१८ मध्ये परत आल्या. कायमची भेट दिली ती २०२१ च्या जुलैमध्ये. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर त्या घेऊन त्बिलिसीला गेले, तेही अस्थींचा फक्त एक भाग घेऊन.