खर्जाची साथ

मैफलीत खर्जाचा स्वर मुद्दाम कोणी ऐकत नाही. तो थांबला म्हणजे मात्र सारे गाणे पोरके वाटू लागते. बास गिटारचे कार्य हेच होय. इंदूरजवळील राऊसारख्या गावी एखादा हौशी वादक हे वाद्य हाती घेतो, तेव्हा त्याची पहिली निराशा बहुधा ध्वनिवर्धकापाशी होते. लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये बाजारात आणलेल्या बास गिटारच्या तारांची लांबी 34 इंच होती, आणि हेच माप पुढे रूढ झाले. चार तारांपैकी सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सेकंदाला सुमारे 41 कंपने पावते. एवढा खोल स्वर ऐकू येण्यास पुष्कळ हवा हलवावी लागते. लहान कर्ण्याचा पडदा तेथे अपुरा पडतो. आवाज वाढवावा तर तो फुटतो, आणि शिकाऊ वादक दोष देतो आपल्या बोटांना! म्हणून मोठ्या पडद्याचा कर्णा, निदान घरच्या सरावापुरता चांगला हेडफोन, हा पहिला खर्च समजावा.

पुढची साधना मात्र विकत मिळत नाही. इंदुरात वाढलेल्या उस्ताद अमीर खाँ यांनी अतिविलंबित लयीत जो संयम राखला, तोच येथे हवा: स्वर थोडे, पण नेमक्या मात्रेवर, आणि गरज सरताच तार बोटाने दाबून शांत करणे. हे एकट्याने खोलीत बसून पुरते साधत नाही. शेजारी तबला असावा, कोणी गाणारा असावा. आपल्या आधारावर दुसऱ्याचे गाणे निर्धास्त उभे राहिले, की साथ जमली असे समजावे.